शाळेतल्या मुलांना भुकेल्यांसाठी पैसे गोळा करायला लावावं का?

पाटीपेन्सिल: मुलगी सातवीत आहे. शाळेने भूकनिवारणाचं काम करणाऱ्या एका संस्थेसाठी पैसे जमवायला मुलांना कार्डं दिलीत, नाव-रक्कम-सही असे रकाने, आणि सगळ्यात जास्त जमवेल त्याला स्टेजवर मेडल. काल रात्री कार्ड पुढ्यात ठेवून म्हणते, "आई, सगळे रकाने आपणच भरू ना, नावं वेगवेगळी टाकू." चर्रर्र झालं मला. मदतीला माझी ना नाही, पण ज्याचे नातेवाईक पैसेवाले तोच जिंकणार, यात मुलं भुकेबद्दल काय शिकली?

खडूफळा: मी शिक्षिका आहे. मेडलबद्दल शंभर टक्के सहमत, पण उपक्रमच नको असं नका म्हणू. आम्ही १६ ऑक्टोबरला, जागतिक अन्न दिनाला, मैदानाला फेऱ्या मारायला लावतो, प्रत्येक फेरीमागे घरच्यांनी ठरवलेली रक्कम. एक मुलगा धापा टाकत येऊन म्हणाला, बाई, जगात धान्यच कमी पिकतं का हो? पिकतं पुरेसं, हे सांगितल्यावर त्याचा जो चेहरा झाला ना! तो प्रश्न पुस्तकातून आला नसता.

सरळरेघ: मग तो प्रश्नच शिकवा ना ताई, पैसे कशाला? संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात साधारण ७३ कोटी लोक उपाशी होते. युद्ध, गरिबी, हवामान ही त्याची कारणं. अमर्त्य सेन यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल हेच दाखवलं, धान्य अगदीच संपलं नव्हतं, लोकांची ते विकत घ्यायची ऐपत संपली होती. मुलांना वाटतं डबा फिरवला की भूक मिटली, हा समज मला घातक वाटतो.

खडूफळा: कारणं शिकवायलाच हवीत, पण ती दूर होईपर्यंत आज उपाशी असलेल्याने काय करायचं? जागतिक अन्न कार्यक्रमाला २०२० चं शांततेचं नोबेल मिळालं, ती एवढी मोठी संस्थासुद्धा लोकांनी आणि सरकारांनी स्वेच्छेने दिलेल्या पैशांवरच चालते.

कोरापान: एक राहिलंच. मी शाळेत असताना असंच कार्ड कोरं परत दिलं होतं. घरी आमचंच दोन वेळचं जेमतेम होतं, मागणार कुणाकडे? बाईंनी वर्गासमोर विचारलं, "एकही सही नाही?" मी ते कार्ड घामाने ओलं होईपर्यंत मुठीत धरून उभा होतो. वर्गात उपाशी मूल असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

सरळरेघ: हे वाचून गप्प झालो. माझा विरोध आहेच, पण निदान नावं आणि आकडे तरी काढून टाका.

पाटीपेन्सिल: शनिवारी पालकसभा आहे. कार्डाऐवजी बंद पाकीट, रिकामं आलं तरी चालेल, मेडल रद्द, आणि पैसे कुठे गेले याचा हिशोब मुलांनीच वर्गात वाचायचा, एवढं मांडणार आहे. खडूफळा, तुमच्याकडे फेऱ्यांचं नियोजन लिहिलेलं असेल तर द्याल का?