'शाळा की छावणी?' वाचून डोकं फिरलं, म्हणून हे उत्तर

नागावची_नात
परवा वसंतकाकांनी 'शाळा की छावणी?' टाकलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काका लेकीकडे लंडनला आलेत, केंटनच्या बाजूला. सकाळी फिरायला जातात त्या रस्त्यावर ज्यूंची प्राथमिक शाळा आहे, तिथे चेरी फुललेली म्हणून फोटो काढायला थांबले तर पिवळं जॅकेट घातलेला एक जण येऊन काय करताय विचारून गेला. झालं. त्यावरून निष्कर्ष काय, तर आधी वेगळ्या धर्माच्या वेगळ्या शाळा काढायच्या, मग कुंपण घालायचं, मग भीती वाटते म्हणून रडायचं, आमच्या नगरपालिकेच्या शाळेला तर फाटकसुद्धा नव्हतं. आणि खाली अंगठ्यांचा पाऊस.

काका, राग मानू नका, पण तो जॅकेटवाला माझा नवरा असू शकला असता. ती शाळा नाही, दुसरी, पण प्रकार तोच. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, माझं माहेर ठाण्याचं, मूळ नागाव. मुलगी सहा वर्षांची. दर तीन आठवड्यांनी आमची पाळी येते, सव्वाआठ ते नऊ फाटकावर उभं राहायचं. पगारी गार्ड वेगळा असतो, आम्ही नुसते जास्तीचे डोळे. जानेवारीत दोन हातमोजे चढवले तरी बोटं लागत नाहीत हाताला. त्याआधी सीएसटीचं प्रशिक्षण (बोरीबंदर नव्हे, कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट, १९९४ पासूनची संस्था आहे). तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही की माणूस दिसतो कसा ते बघू नका, करतोय काय ते बघा. शाळेसमोर थांबून मोबाईल वर धरला की विचारायचं, मग तो गोरा असो नाहीतर सदाशिव पेठेतला.

कशाला हे सगळं? १९ मार्च २०१२, फ्रान्समधलं तुलूझ, ज्यू शाळा भरायची वेळ. एक शिक्षक आणि तीन मुलं, त्यातली दोन त्या शिक्षकाचीच. शाळेच्या दारातच मारली. टोरोंटोत मुलींच्या एका ज्यू शाळेवर २०२४ या एका वर्षात तीनदा गोळ्या झाडल्या, नशीब की आत कोणी नव्हतं. २ ऑक्टोबर २०२५, मँचेस्टर, योम किप्पुर, आमचा सगळ्यात पवित्र दिवस, सिनेगॉगवर (आमच्या प्रार्थनास्थळावर) हल्ला, दोघं गेले, आतल्यांनी दारं दाबून धरली म्हणून बाकीचे वाचले. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये इथल्या एका शाळेने मुलांना सांगितलं की ब्लेझर नाही घातला तरी चालेल. गणवेश का नाही घातला म्हणून छड्या खाल्लेली माणसं आपण, आणि इथे शाळाच सांगते ओळखू येऊ नका.

लॉकडाऊनचा, म्हणजे हल्लेखोर शिरला तर लपायचा, सराव असतो वर्गात. दिवे बंद, टेबलाखाली, गप्प. माझी मुलगी घरी येऊन भावल्यांना डायनिंग टेबलाखाली ओळीने झोपवते आणि म्हणते, शूऽऽ, मिस बोलेपर्यंत श्वास पण हळू घ्यायचा. ते बघितल्यावर मला तुमच्या चेरीच्या फोटोचं फार वाईट नाही वाटलं काका.

वसंत_पुणे
ताई, फोटोचं सोडा. विचारलं त्याने, नीट विचारलं, मीच तिखटमीठ लावून लिहिलं असेल, वय झालं की होतं. पण मूळ मुद्द्याला तुम्ही हात नाही लावला. सहा वर्षांच्या पोरीला श्वास हळू घ्यायला शिकवणं ही सुरक्षा? तीच पोर गुजराती, सोमाली, इंग्रज पोरांच्या बाकावर बसली असती तर टेबलाखाली जायची वेळ आली नसती. आणि खर्च कोणाचा? माझा जावई सांगतो २०२४ मध्येच सरकारने ज्यू संस्थांच्या सुरक्षेला वर्षाला १ कोटी ८० लाख पौंड द्यायचं ठरवलं. त्याच्या टॅक्समधून. शिवाय प्रवेश जन्मावरून. आपल्याकडे जन्मावरून काही केलं की आपण त्याला जातीयवाद म्हणतो.

नागावची_नात
१. माझा नवरा पण टॅक्स भरतो. वर शाळेला सुरक्षेसाठी ऐच्छिक वर्गणी देतो, जी किती ऐच्छिक असते ते सोसायटीच्या गणपतीची वर्गणी दिलेल्याला सांगायला नको.
२. जन्मावरून प्रवेश २००९ लाच बंद झाला. जेएफएस नावाची मोठी शाळा आहे तुमच्या केंटनलाच, १७३२ पासूनची, तिची केस सुप्रीम कोर्टात गेली आणि आई ज्यू आहे का बघून प्रवेश देणं हा वंशभेद ठरला. तेव्हापासून सिनेगॉगला किती वेळा गेलात त्याचं सर्टिफिकेट लागतं. आम्ही वर्षभर दर शनिवारी पोरगी कडेवर घेऊन हजेऱ्या लावल्यात.
३. आणि 'तुम्ही खरे ज्यू का' हा प्रश्न बेने इस्राएलींना नका शिकवू. इस्राएलमध्ये आमच्या लोकांची लग्नं लावायला रब्बी (ज्यू धर्मगुरू) आजीपणजीपर्यंतची चौकशी मागत होते, १९६४ ला रस्त्यावर उतरावं लागलं तेव्हा कुठे संसदेने सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. जन्माचा दाखला काय असतो ते आम्हाला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.
आणि छावणीचं म्हणाल तर तुमच्या पुण्यातल्या लाल देवळाच्या, म्हणजे आमच्याच सिनेगॉगच्या, फाटकावर पण पोलीस असतो. तिथे नाही वाटली छावणी?

माझगाव_डॉक
मी सर एली कदूरी शाळेचा विद्यार्थी, माझगाव. मुसलमान आहे. ज्यूंनी काढलेली शाळा आणि वर्गात बहुतेक आम्हीच. भायखळ्याच्या जेकब ससूनला पण तेच. माझ्या अब्बांना कोणी विचारलं पोरगं कुठे जातं तर 'यहुदी शाळेत' असं छाती फुगवून सांगायचे. बर्मिंगहॅमला किंग डेव्हिड म्हणून ज्यू शाळा आहे तिथेही बहुसंख्य पोरं मुसलमान, हिब्रू गाणी म्हणतात. कुंपणापेक्षा हे जास्त मजबूत असं आपलं मत. कोणी त्या शाळेकडे वाकडा डोळा करून बघेल तर पहिले आम्ही उभे राहू.

नागावची_नात
दादा, तुमच्याशी भांडायची इच्छाच होत नाही, माझी आजी त्याच शाळेची, मराठीतून शिकली. पण एक सांगू? आमच्यातल्याच हाइम केहिमकरांनी १८७५ ला ती काढली ती बेने इस्राएल पोरांसाठी. तुमच्या वेळेला वर्गात आम्ही नव्हतो कारण आम्ही बोटीत बसून निघून गेलो होतो. बाकं रिकामी झाली म्हणून ती मिसळ झाली, कोणी ठरवून नाही केली. आमची आजी सिनेगॉगला मशीदच म्हणायची, मस्जिद बंदरचं नाव आमच्याच मशिदीवरून पडलं म्हणून सांगायची. तिथे कोणाला भीती नव्हती हे खरं. पण मग २६/११ ला नरीमन हाउसवर, ज्यूंच्या केंद्रावर, हल्ला झाला ना, मुंबईतच.

माझगाव_डॉक
झालं. आणि तिथल्या रब्बीच्या दोन वर्षांच्या मोशेला उचलून बाहेर कोणी आणलं? घरात काम करणाऱ्या सँड्रा सॅम्युएलने. गार्डने नाही.

नागावची_नात
हो. मान्य. गार्ड नव्हताच ना तिथे, हाच तर मुद्दा आहे. पण मान्य.

डबेवाली
मी एक विचारू का, तुमच्या त्या शाळेत डब्यात मटण चिकन चालत नाही ना? माझ्या नणंदेची मैत्रीण तिथे स्वयंपाकघरात आहे तिने सांगितलं.

नागावची_नात
नाही चालत. घरचा डबा असेल तर दुधाचं किंवा शाकाहारी. मांस आणि दूध एका टेबलावर येऊ नये म्हणून. म्हणून तर आमच्याकडे मटणात नारळाचं दूध.

डबेवाली
मग आमच्या इथल्या शाळेने काय घोडं मारलंय? बोरिवलीत एक मोठी इंग्रजी शाळा, नाव घेत नाही, डायरीत शिक्का मारून पाठवतात 'नो नॉन-व्हेज इन्क्लुडिंग एग'. माझ्या पोराने अंड्याची पोळी नेली तर बाईंनी डबा वर्गाबाहेर ठेवायला लावला, पोरगं मधल्या सुट्टीत जिन्यात बसून जेवलं. आठ वर्षांचं पोरगं. तुम्ही केलं की परंपरा, आम्ही ओरडलो की संकुचित.

तिरकस
धाग्याने रूळ बदलला. पुढील स्टेशन अंडं.

कोल्हापूरची_मिरची
अहो बदलला तर बदलला, हा खरा प्रश्न आहे! महाराष्ट्रात राहून अंडं लपवून खायचं? ज्यू शाळेत जाणाऱ्याला जाताना माहीत असतं की ही ज्यू शाळा. बोरिवलीच्या शाळेच्या पाटीवर कुठे लिहिलंय की ही अमुक लोकांची शाळा? फी सगळ्यांकडून, नियम एकाचे.

शुद्ध_तूप
शाळा खाजगी आहे, नियम मान्य नसेल तर दुसरी बघा. वास येतो, काही मुलांना मळमळतं. सहअस्तित्व म्हणजे काय फक्त बहुसंख्यांनी सहन करणं का.

कोल्हापूरची_मिरची
बहुसंख्य?? कोण बहुसंख्य? महाराष्ट्रात घराघरात सुकट जवळा खातात. वास येतो म्हणे. आम्हाला तुमच्या हिंगाचा येतो, आम्ही जिन्यात बसवतो का तुम्हाला?

शुद्ध_तूप
भाषा सांभाळा.

डबेवाली
भाषा सांभाळायला मला काही नाही पण त्या दिवसापासून पोरगं अंडं खात नाही. घरी पण नाही. म्हणतं घाण असतं. हे कोण भरून देणार.

मास्तर_लांजा
डब्यावर पंचवीस प्रतिसाद होतील म्हणून मधे घुसतो. एकतीस वर्षं जिल्हा परिषद शाळेत काढली. बदलापूरनंतर, २०२४ ला, फर्मान आलं की सीसीटीव्ही बसवा. कुठून बसवू? आमच्या शाळेला एका बाजूने गडगा आहे तो पण गुरं चढून पाडतात, वीज बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलेला. पण मी म्हणतो ते वेगळं. बदलापूरला त्या चिमुरड्यांना बाहेरून आलेल्या कोणी नाही त्रास दिला, आतल्याच माणसाने दिला. फाटक कितीही उंच करा, माणूस पगारपत्रकावर असेल तर तो फाटकातूनच आत येतो. नातताईंनी बाहेरचं सगळं सांगितलं, आतलं काही नाही बोलल्या.

मेलबर्नकर
मास्तरांना हजार अंगठे. आमच्याकडे मेलबर्नला एका कट्टर ज्यू मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका, मल्का लायफर. २००८ मध्ये तिने मुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पुढे आल्यावर शाळेतल्याच लोकांनी तिची रातोरात इस्राएलची तिकिटं काढली. तिला परत आणायला २०२१ उजाडलं, २०२३ मध्ये १५ वर्षांची शिक्षा. तक्रार करणाऱ्या तिच्या विद्यार्थिनी, तिघी सख्ख्या बहिणी, वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होत्या आणि आपल्याच समाजाचे टोमणे खात होत्या. कॅमेरे, कुंपण बाहेरच्या बाजूला तोंड करून असतात हो. आणि तुमच्या लंडनलाच स्टॅमफर्ड हिलला नोंदणी नसलेल्या येशिवा (मुलग्यांना धर्मग्रंथ शिकवणाऱ्या शाळा) आहेत, त्यांची नेहमीच्या शाळांसारखी सरकारी तपासणी होत नाही, तिथल्या पोरांचं काय?

नागावची_नात
हे येणार माहीत होतं. एक ज्यू शाळेचं काही बोललं की लायफर. मिशनऱ्यांच्या शाळांबद्दल कोणी लिहिलं की लगेच पाद्र्यांची यादी लावता का? आमची शाळा सरकारी अनुदानाची आहे, ऑफस्टेड (शाळा तपासणारी सरकारी संस्था) येते, प्रत्येक माणसाची पोलिसांकडची पडताळणी होते, मी नुसती फाटकावर उभी राहते तरी माझी झाली.

मेलबर्नकर
लावतो की. मी स्वतः मिशनरी शाळेत होतो, पुण्यात, त्यातला एक फादर कोण ते मी अजून आईला सांगितलेलं नाही. म्हणून लिहिलं. ज्यूंना टोचायला नाही.

नागावची_नात
सॉरी. खरंच सॉरी.
आणि येशिवांचं बरोबर आहे तुमचं. आमच्यातले बरेच जण त्याबद्दल बोलत नाहीत कारण बाहेरचे लगेच ते उचलून आमच्यावरच फेकतात, आणि न बोलल्यामुळे आतलं आतच राहतं. पालकांच्या ग्रुपवर रोज शंभर मेसेज असतात, कोणती पांढरी व्हॅन दोनदा गेली, कोण गाडी लावून बसलंय. आतल्याबद्दल मी एकदा विचारलं होतं, नवीन जिम शिक्षकाला मुलींच्या कपडे बदलायच्या खोलीजवळ कोण जाऊ देतं म्हणून. तर एकीने लिहिलं, डार्लिंग आपण सगळे एकमेकांना ओळखतो. मी पण मग हसणारी बाहुली टाकली आणि सोडून दिलं. हे आत्ता टाईप करताना बरं नाही वाटत.

वसंत_पुणे
बघा, मी म्हणत होतो की भिंत घातली की

नागावची_नात
काका तुमचं नाही मान्य केलं मी, मास्तरांचं मान्य केलं. तुमच्या नगरपालिकेच्या शाळेला फाटक नव्हतं तेव्हा आत काय काय चालायचं ते पण कोणी सांगत नव्हतं.

वसंत_पुणे
एक ड्रिलमास्तर होते. असो. ते खरं आहे.

तिरकस
पुणेकराने 'ते खरं आहे' लिहिलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शुद्ध_तूप
डब्याबद्दल माझं म्हणणं पूर्ण होऊ दिलं नाही कोणी.

कोल्हापूरची_मिरची
होऊही देणार नाही.

वसंत_पुणे
ताई, तुम्ही कुठे असता ते विचारत नाही, विचारायचं नाही हे कळलं आता. सोमवारी मी पुन्हा त्याच रस्त्याने जाणार आहे. त्या जॅकेटवाल्याला गुड मॉर्निंग म्हणेन. चेरी गळून गेली तशीही.

नागावची_नात
म्हणा. थर्मासमधला चहा देईल कदाचित. मोबाईल मात्र खिशातच.

डबेवाली
अंड्याचं शेवटी काय करू पण? उद्या डबा द्यायचाय.