आम्स्टेलवेनच्या शांत गल्लीतलं घर मिळतंय, घ्यावं का? गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. मार्चपासून आम्ही आम्स्टरडॅम झाउड स्टेशनजवळ कंपनीने दिलेल्या दोन खोल्यांत राहतोय. त्या जुलैअखेर सोडायच्या आहेत. आम्ही दोघं, साडेचार वर्षांची लेक, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर सासूबाई येणार आहेत.

आजवर एकवीस घरांना अर्ज केले. सहा ठिकाणी बघायला बोलावलं, पाच ठिकाणी 'दुसऱ्या उमेदवाराला दिलं' असं गोड पत्र आलं. आता पहिल्यांदाच कुणीतरी 'हो' म्हटलंय, त्यामुळे डोकं ठिकाणावर नाही.

घर आम्स्टरडॅमला लागूनच्या आम्स्टेलवेनमध्ये, वेस्टवाइक वस्तीत, रांगेतलं, ११२ चौरस मीटर, तीन मजली. भाडं २३५० युरो, खेस्टोफेर्ट, म्हणजे अर्धवट सजवलेलं. अनामत दोन महिन्यांची, ४७०० युरो. मालक सहकुटुंब दोन वर्षांसाठी परदेशी चाललेत, परत येऊन तिथेच राहणार म्हणतात. एजंट वरून ३५० युरो 'करारनाम्याचा खर्च' मागतोय.

मंगळवारी सकाळी अकराला पाहिलं. पंधरा मिनिटं मिळाली, त्यातली पाच एजंटच्या फोनमध्ये गेली. मागे छोटी बाग, तिच्यापलीकडे पाण्याचा चर, आणि शेजाऱ्यांच्या शेडवर एक राखाडी बगळा, असा उभा की मला आधी पुतळाच वाटला. गल्लीत माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येत होता. लेक म्हणाली, "आई, इथे सगळे झोपलेत का?"

प्रश्न असे: ३५० द्यायचे का? दोन वर्षांचा करार चालतो का, मी तर ऐकलं होतं की तसे आता बंद झालेत. आणि खरं सांगायचं तर तिसरा प्रश्नच मोठा आहे. सासूबाई दिवसभर घरात एकट्या असतील. एवढी शांतता त्यांना झेपेल का? मला तरी झेपेल का?

सायकल_पंक्चर

३५० अजिबात देऊ नका. एजंट मालकाचं काम करत असेल तर त्याची फी भाडेकरूकडून घेता येत नाही, नाव काहीही दिलं तरी. भांडू नका. "हे कशासाठी ते लेखी कळवा" एवढंच मेलवर विचारा. माझ्या वेळी त्या मेलला उत्तरच आलं नाही, आणि रक्कम पुढच्या कागदातून आपोआप गेली.

ओला_रेनकोट

अकरा वर्षं झाली मला इथे, त्यातली आठ आम्स्टेलवेनात, तीन वेगवेगळ्या घरांत. म्हणून जरा लांबण लावतो.

ताई, तुम्ही घर चुकीच्या वेळी पाहिलंत. मंगळवारी सकाळी अकराला इथली कुठलीही गल्ली स्वर्गच वाटते. उद्या संध्याकाळी साडेसहा-सातला एजंटला न सांगता जा. तेव्हा माणसं घरी असतात, मुलं बाहेर असतात, पलीकडच्या घरात कुणी ड्रम वाजवतं का तेही कळतं. जोराचा वारा असेल तर उत्तमच. स्खिपोल विमानतळ जवळच आहे, आणि विमानं कुठून जाणार हे वाऱ्यावर ठरतं. पश्चिमेचा वारा पिसाळला की उतरणारी विमानं बाउटनफेल्डर्टबान या धावपट्टीवर घेतात, आणि आम्स्टेलवेनच्या उत्तर टोकाची मंडळी बोलता बोलता मध्येच थांबतात. तुमचं वेस्टवाइक दक्षिणेला, तिकडे त्रास झालाच तर आल्समेरबान या दुसऱ्या धावपट्टीचा. एका शांत सकाळवरून यातलं काहीच कळत नाही.

दुसरं, हिरवळीचे पैसे देऊ नका. म्हणजे बागेसाठी भाड्यात शंभर-दोनशे जास्त पडत असतील तर दोनदा विचार करा. आम्स्टरडॅमसे बॉस हे जंगल सायकलने जाण्याइतकं जवळ आहे. साधारण हजार हेक्टरचं ते जंगल १९३४ पासून बेकारांना काम द्यायचं म्हणून माणसांनी हातांनी खणून उभं केलं. आत बकऱ्यांचा गोठा आहे, वसंतात चेरीची चारशे झाडं फुलतात. तिथे जायला तिकीट नाही. उलट तुमच्या दारची बाग म्हणजे काम. गवत कापणं, तण काढणं, कुंपणाची झुडपं छाटणं हे कायद्यानेच भाडेकरूकडे येतं. पहिल्या उन्हाळ्यात मी तीन आठवडे सुट्टीवर गेलो. परत आलो तेव्हा झुडूप फुटपाथवर आलेलं, आणि पत्रपेटीत शेजारच्या आजोबांची चिठ्ठी, सुवाच्य अक्षरात: त्यांच्याकडे कात्री आहे, हवी असेल तर घेऊन जा. यात मदत किती आणि टोमणा किती हे मला आजही सांगता येणार नाही.

आता बुरशी. यावर मी पैसे गमावलेत, म्हणून इथे जरा थांबतो. माझ्या दुसऱ्या घरात खिडक्यांच्या वर हवेच्या झडपा होत्या, लांब पट्टीसारख्या. पहिल्याच हिवाळ्यात गार वारा येतो म्हणून आम्ही त्यांवर टेप लावली. रोज कुकर, रोज फोडणी, कपडे आतच वाळत. फेब्रुवारीत कपाट हलवलं तर मागच्या भिंतीवर काळे ठिपके, जणू कुणी मोहरी उधळलीय. सोडताना मालकाने अनामतीतून रंगाचे पैसे कापले आणि एजंट हसून म्हणाला, तुमचा स्वयंपाकच तसा. राग आला, पण टेप मीच लावली होती. नंतर कळलं, मधल्या जिन्यातला तीन टप्प्यांचा हवेचा पंखा दोन वर्षं बंदच होता, आणि तो दुरुस्त करणं मालकाचं काम होतं. मी कधी लेखी कळवलंच नव्हतं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा न्हाणीघराच्या छताचा कोपरा बघा, कपाटाच्या मागे वाकून वास घ्या, तो तीन टप्प्यांचा बटणखटका शोधा आणि तीनवर करा. आवाज वाढला पाहिजे. छतातल्या जाळीला टिश्यूचा तुकडा लावा, चिकटला तर हवा ओढली जातेय. लोक हसतील, हसू देत.

कराराचं. तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. १ जुलै २०२४ पासून नव्या करारात बेमुदत हाच नियम, नुसतं 'दोन वर्षांसाठी' असं सहसा लिहिता येत नाही. पण मालक स्वतः तिथे राहत होता, तात्पुरता बाहेर चाललाय आणि परत येऊन तिथेच राहणार, याला मुभा आहे. त्याला इथे डिप्लोमॅट कलम म्हणतात, मालक राजदूत असायची गरज नाही. ते करारात स्पष्ट शब्दांत हवं. कलम कच्चं असेल तर तोटा त्यांचा, तुमचा नाही, त्यामुळे त्यावर तुम्ही झोप उडवू नका. तुम्ही एवढंच ठरवा की दोन वर्षांनी लेक साडेसहाची असताना पुन्हा शाळा बदलायची तयारी आहे का.

अनामत दोन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त मागता येत नाही, हे १ जुलै २०२३ पासून. तेवढीच मागितलीय, ठीक. मात्र २३५० मध्ये वीज-गॅस वगैरे धरलेलं असेल तर अनामत त्या भागावर नको, फक्त निव्वळ भाड्यावर. सोडताना ती १४ दिवसांत परत, काही कापायचं असेल तर ३० दिवसांत, हिशेबासकट.

आणि एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मिळून ९२ दिवस होतात. सासूबाईंचा व्हिसा ९० दिवसांचा असणार, आणि येण्याचा-जाण्याचा दोन्ही दिवस त्यात धरतात. तिकीट काढलं असेल तर आजच बघा.

शांततेचं उत्तर मला देता येत नाही. माझी आई आली होती तेव्हा पहिले दहा दिवस दर तासाला विचारायची, "कोणी मेलंय का रे?" मग तिला पोपट दिसले. खोटं नाही, आपलेच, हिरवे, गळ्यात कंठी असलेले. आम्स्टरडॅम-आम्स्टेलवेनच्या झाडांवर थवेच्या थवे आहेत, पाळलेले कधीतरी सुटले आणि इथलेच झाले. रोज चारला ती खिडकीत बसायची आणि मला फोन करून सांगायची, आज बावीस आले.

हिरवी_मिरची_दोन

रेनकोटदादांनी सगळं सांगितलं, पण 'खेस्टोफेर्ट' राहिलं. माझा अनुभव सांगते, उट्रेख्तजवळचा.

आमचं घर 'काल' होतं, म्हणजे रिकामं. मला वाटलं फर्निचर नाही, एवढंच. किल्ली घेऊन आत गेलो तर जमीनच नाही. आधीच्या भाडेकरूने लॅमिनेट उचलून नेलेलं, खाली राखाडी सिमेंट आणि कडेने गोंदाचे डाग. छतातून प्रत्येक खोलीत दोन वायरी लोंबत होत्या, टोकाला एक छोटासा पांढरा प्लॅस्टिकचा ठोकळा. त्या रात्री आम्ही मोबाइलच्या उजेडात जेवलो. नंतर कळलं, निघणाऱ्या माणसाकडून जमीन, पडदे विकत घ्यायची इथे पद्धतच आहे. आम्हाला आधी विचारलं असतं तर चारशेत झालं असतं, आम्ही बाराशे घातले.

खेस्टोफेर्टमध्ये जमीन आणि पडदे सहसा असतात. दिवे? वॉशिंग मशीन? फ्रिज? प्रत्येक घरी उत्तर वेगळं. परदेशी जाणारा मालक सगळं ठेवून जाईल असं धरू नका, काही कंटेनरमध्ये भरेल, काही गोदामात. खोलीवार यादी मागा आणि ती कराराला जोडून घ्या.

अजून एक. सही करण्याआधी जवळच्या डॉक्टरला फोन करा. इथे फॅमिली डॉक्टर पिनकोड बघून घेतात, आणि 'नवे पेशंट बंद' ही पाटी मी चार दारांवर वाचलीय. शाळेचंही तसंच. पाचव्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, तुमची लेक सहा महिन्यांत त्यात येते.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी सातला आम्ही दोघं गेलो, लेकीला सायकलच्या मागे बसवून.

गल्ली झोपलेली नव्हती. पाच-सहा मुलं रस्त्याच्या मधोमध खडूने काहीतरी आखत होती आणि एका गाडीला त्यांनी अक्षरशः थांबवून ठेवलं. गाडीवाला निमूट थांबला. लेक उतरली, दोन मिनिटांत तिच्याही हातात निळा खडू. भाषेचा प्रश्नच आला नाही. माझा आला, कारण एका बाईंनी मला काहीतरी विचारलं आणि मी 'या', म्हणजे डचमध्ये 'हो', म्हणाले. नंतर कळलं, "तुम्ही नव्या का?" असं होतं ते, म्हणजे मी एका परीने घर घेऊनच टाकलं.

त्याच बाईंनी सांगितलं की मागचा चर उन्हाळ्यात हिरव्या शेवाळाने भरतो आणि जुलैत डास होतात. एजंटने हे सांगितलं नव्हतं. भिंत सामाईक आहे आणि त्या पहाटे साडेपाचला उठतात, नर्स आहेत. म्हणजे माझ्या मिक्सरचा प्रश्न मिटला, त्यांचा आवाज मला आधी येणार.

आज सकाळी एजंटने पुन्हा आत नेलं. खटका तीनवर केला, घोंघावला. टिश्यू खालच्या न्हाणीघरात चिकटला, वरच्यात खाली पडला. नवऱ्याने त्याचा व्हिडिओ काढला, एजंटने माझ्याकडे असं पाहिलं की मी बाजारात भेंडी मोडून बघतेय. पण लिहून दिलंय, किल्लीच्या आधी दुरुस्त. ३५० बद्दल मेल केला होता, त्यावर तो एक शब्दही बोलला नाही आणि नव्या कागदात ती ओळ नाही. वॉशिंग मशीन राहणार, दिवे जाणार.

सासूबाईंचं तिकीट ९२ दिवसांचंच निघालं. दादा, तुमचे उपकार. परतीचं तीन दिवस अलीकडे घेतलं. फोनवर त्यांना शांततेबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "मला कुणी बोलायला नसलं तर मी त्या बगळ्याशी बोलेन, तू नोकरी कर."

सही उद्या दुपारी.

ओला_रेनकोट

छान. किल्ली घ्याल त्या दिवशी गॅस, वीज आणि पाणी तिन्ही मीटरचे फोटो, तारखेसकट. पाण्याचा मीटर बहुधा दारामागे जमिनीखाली असतो, पायपुसणं उचलून झाकण शोधा. भिंतींचे फोटो दिवसाउजेडी काढा आणि त्याच संध्याकाळी एजंटला मेल करा, नाहीतर दोन वर्षांनी प्रत्येक खिळा तुमचाच ठरेल. पत्ता बदलल्याचं नगरपालिकेला पाच दिवसांच्या आत कळवा.

आणि नर्सबाईंकडे पहिल्या आठवड्यातच काहीतरी गोड घेऊन जा. आत बोलावतील, कॉफी देतील, बिस्किटांचा डबा एकदा पुढे करतील आणि लगेच झाकण लावतील. एकच घ्यायचं असतं. मी पहिल्यांदा दोन घेतली होती.