विषय: एकटे राहणारे काका, शेजारीण आणि किल्ली

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

नमस्कार मंडळी,

आपल्या मराठी मंडळातले एक काका, काकू गेल्यापासून एकटेच राहतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, जुन्या सभासदांना कळेलच. वय ऐंशीच्या पुढे. मुलगी दुसऱ्या देशात असते, रोज रात्री फोन करते. गेल्या आठवड्यात काका न्हाणीघरात पडले. फोन बाहेरच्या खोलीत राहिलेला. ते भिंतीवर ठोकत राहिले, पलीकडच्या शेजारणीला आवाज गेला आणि तिने मदत बोलावली, म्हणून निभावलं. हाड मोडलेलं नाही, घरी आले आहेत. मुलगी फोनवर रडकुंडीला आली होती.

माझ्या मनात असं आहे की दोघादोघांनी आळीपाळीने दर रविवारी जाऊन यावं. कोण येईल? पत्ता मागू नका आणि या ईमेल यादीवर टाकूही नका, चारशे लोकांकडे जाते ही यादी. मला वेगळं लिहा.

———

प्रेषक: सभासद

रविवार मला जमेल. पण खरं सांगू का, मुलीने आता त्यांना तिकडे घेऊन जावं, नाहीतर एखाद्या वृद्धाश्रमाचं बघावं. या वयात एकटं राहण्याचा हट्ट कशासाठी? उद्या काही झालं तर आपल्यावर यायचं.

———

प्रेषक: निवृत्त परिचारिका, सभासद

वृद्धांच्या वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावते.

रविवारच्या भेटी जरूर करा, त्यांना बरं वाटेल. पण माणूस मंगळवारी पडला तर रविवारच्या भेटीचा काय उपयोग? पडण्याइतकंच, काही वेळा त्याहून जास्त, नुकसान पडून राहण्याने होतं. एकाच कुशीवर तासन्‌तास पडलं की खालचे स्नायू दबून मरायला लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर भार येतो. शिवाय त्वचेला जखमा होतात, अंग गार पडतं, पाणी पोटात जात नाही. केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ६६ जण वर्षभरात पडले. त्या ६६ पैकी ५३ जणांना निदान एकदा तरी आपलं आपण उठता आलं नाही आणि २० जण तासभर किंवा त्याहून जास्त वेळ जमिनीवर होते. दाबलं की मदत बोलावणारं धोक्याचं बटण बऱ्याच जणांकडे होतं, पण जे फार वेळ पडून राहिले त्यांतल्या बहुतेकांनी ते दाबलंच नाही. मला याचं नवल वाटलं नाही. बटण पलंगाशेजारच्या खुंटीवर लटकत असतं आणि माणूस न्हाणीघरात असतो. हातात असलं तरी ‘एवढ्यासाठी कशाला लोकांना त्रास’ म्हणून दाबत नाहीत.

म्हणून माझ्या मते प्रश्न एवढाच आहे: काही झालं तर कुणाच्या तरी ते किती वेळात लक्षात येईल? तिथे आपण मराठी मंडळी उपयोगाची नाही. आपल्यातलं सगळ्यात जवळचं घरसुद्धा पाऊण तासावर आहे. ती शेजारीण भिंतीपलीकडे आहे. तिला मराठीचं अक्षर येत नाही, तरी या कामाला ती आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त उपयोगी.

तिच्याशी साधी खूण ठरवा. सकाळी अमुक वाजेपर्यंत काकांनी समोरचा पडदा सरकवायचा. सरकला नाही तर ती फोन करील, फोन उचलला नाही तर दार वाजवील, दार उघडलं नाही तर किल्लीने उघडील. यात काकांना संकटाच्या वेळी काहीच करावं लागत नाही, हे महत्त्वाचं. मात्र रात्री आतून कडी घातली तर किल्लीचा काही उपयोग नाही, हे त्यांना आधी समजावा. न्हाणीघरालाही आतून कडी नको.

आत गेल्यावर काय करायचं तेही तिला सांगून ठेवा. ओढून उठवायचं नाही. कुठे दुखतंय ते आधी विचारायचं. डोकं आपटलं असेल आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ‘मी ठीक आहे’ म्हणाले तरी दाखवून आणायचंच, कारण आतला रक्तस्राव उशिरा कळतो. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर धरता येत नाही, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी दिसलं तर पक्षाघात समजून ताबडतोब रुग्णवाहिका. रुग्णालयात पहिला प्रश्न येईल, ‘शेवटी धड कधी पाहिलं होतं?’ मेंदूतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात, त्यामुळे ‘साडेआठला पडदा सरकला होता’ हे शेजारणीचं वाक्य फार मोलाचं ठरू शकतं.

आणखी एक. माणूस दोन दिवसांत एकदम गोंधळल्यासारखा वागायला लागला, वार विसरला, भलतंच बोलायला लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. स्मृतिभ्रंश असा दोन दिवसांत येत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी कमी होणं, नवीन सुरू केलेली गोळी, असं काहीतरी कारण असतं आणि पुष्कळदा ते बरं होण्यासारखं असतं. अशा वेळी, किंवा पुढे खरोखर स्मृती ढासळली तर, नंतर शिकलेली भाषा आधी सुटू शकते आणि माणूस मराठीतच बोलत राहतो. त्या वेळी मात्र आपण लागू. शेजारणीकडे आपल्यातल्या दोघांचे फोन नंबर असू द्यात, मध्यरात्रीसुद्धा उचलणाऱ्यांचे.

———

प्रेषक: सभासद

ताईंच्या मुद्द्याला जोड. शिकागोत १९९५ च्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेत सातशेच्या वर माणसं गेली, त्यांत एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ होते. नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या एकमेकींना लागून असलेल्या दोन वस्त्या, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटी म्हातारी माणसं. तरी पहिलीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट होतं. त्यावर ज्यांनी अभ्यास केला त्यांचं म्हणणं असं की दुसरीत रस्ते गजबजलेले, दुकानं उघडी, म्हातारी माणसंही घराबाहेर पडणारी. पहिलीत लोक दारं लावून आत बसलेले. म्हणजे पंखा, एसी वगैरे ठीक, पण काका घराबाहेर पडत राहतील असं काहीतरी बघा.

———

प्रेषक: ज्येष्ठ सभासद

सगळ्यांच्या मेल वाचल्या. मी एकोणऐंशी वर्षांची आहे आणि एकटी राहते. पडदा, किल्ली, रविवार सगळं ठरलं. काकांना कुणी विचारलं का?

वृद्धाश्रमाची सूचना करणाऱ्या भाऊंना सांगते, तुमची मेल काकांनीही वाचली असणार. ते यादीवर आहेत. आता पुढच्या वेळी पडले तर ते कुणाला सांगतील असं वाटतं तुम्हाला? आमच्या वयाची माणसं पडणं लपवतात ती याच भीतीने. निळा पडलेला दंड लांब बाहीत झाकून मी स्वतः फोनवर मुलाला ‘सगळं छान’ म्हटलेलं आहे. घर हलवायचा विषय निघाला की माणूस खरं बोलायचं थांबतो, आणि मग तुमची कुठलीही खूण चालत नाही.

माझी व्यवस्था मी स्वतः लावली आहे. शेजाऱ्याला मी सांगितलं की दिवा कधी लागतो, कधी विझतो, आणि कधी यायचं नाही तेही सांगितलं. दुपारी मी झोपते, तेव्हा फोन उचलत नाही, घाबरू नका. किल्ली एकाकडेच, आणि ती कुणाकडे आहे हे मुलाला माहीत. पैसे, बँकेचं कार्ड, पासवर्ड यांत शेजारी नाही, मंडळही नाही. हे पहिल्याच दिवशी बोललं की कुणालाच अवघड वाटत नाही. आणि ‘मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव, घरात कुणाला सांगू नकोस’ असा नातवाच्या आवाजातला फोन आला तर आधी त्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन करायचा, हे शेजाऱ्याने आणि मी मिळून ठरवलंय. त्यालाही आई आहे.

त्याची पार्सलं मी घेऊन ठेवते. तो गावाला गेला की झाडांना पाणी घालते. त्यामुळे तो दार वाजवतो तेव्हा मला तपासायला आलाय असं वाटत नाही. तपासायला येणारी माणसं मला नकोत. काही मागायला येणारी चालतात.

———

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य

काल काकांकडे जाऊन आले. मुलगी फोनवर होती, शेजारणीलाही बोलावलं होतं. आजींची मेल काकांनी वाचली होती, आल्या आल्या तीच दाखवली.

पडद्याची खूण त्यांना मान्य आहे, वेळ त्यांनीच ठरवली: नऊ. न्हाणीघराची कडी स्वतःच काढून ठेवली होती. किल्ली शेजारणीकडे, पण ती शनिवार-रविवार नसते, तेव्हा समोरचं कुटुंब बघेल. त्यांच्याशी काका स्वतः बोलणार आहेत. मनगटावरचं बटण घालायला चक्क नाही म्हणाले. मुलीने फार ताणलं नाही. ताई, गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत फ्रिजवर लावली आहे. मराठीतून बोलायला दोन नावं हवी होती, त्यांतलं एक माझं, दुसरं तुमचं घातलंय.

रविवारची पाळी नको म्हणाले. ‘आळीपाळीने बघायला मी काय प्रदर्शन आहे?’ हे त्यांचे शब्द. पूर्वी कितीतरी वर्षं स्मरणिकेची मुद्रितं तपासत होते, काकू आजारी पडल्यावर ते सुटलं. गेल्या अंकातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी लाल शाईने खुणा करून ठेवल्या आहेत, मला पानोपानी दाखवल्या. यंदाचं काम त्यांच्याकडे द्यायचं ठरलं. बैठका शेजारच्या वाचनालयात होतील, तिथवर ते चालत येतात.

ज्यांचे लेख अजून आलेले नाहीत त्यांनी मला नव्हे, थेट काकांना फोन करावा. सकाळी नऊनंतर. मुदत वाढवून मिळेल या भरवशावर राहू नका.