जळगावच्या मेहरूण तलावावर सगळ्यांनी एकाच दिशेने फिरावं का?

तलावकाठी (धागाकर्ता, ऑक्टोबर २०२०)

जूनमध्ये राज्य सरकारने मोकळ्या जागी चालायला, धावायला, सायकल चालवायला परवानगी दिली. मुख्य अट ही, की घोळका नको. आता पाऊस सरलाय आणि मेहरूण तलावावर सकाळी जत्रा भरते. चौघं-चौघं रस्ता अडवून चालतात, मास्क हनुवटीवर, आणि समोरून कोणी आलं तर सरकायचं कोणी हेच ठरलेलं नाही. माझं म्हणणं असं, की तलाव डाव्या हाताला ठेवून सगळ्यांनी एकाच दिशेने, एकामागे एक फिरावं. पुढे जायचं असेल तर आधी आवाज द्यावा, मास्क वर घ्यावा. थुंकणाऱ्यांबद्दल बोलायलाच नको, त्यांना कोरोनाच्या आधीही लाज नव्हती.

भरीत_भाकरी

भो, तुमचं गणित उलटं आहे. समोरून येणारा माणूस दोन सेकंदांत निघून जातो. एकाच दिशेने चाललो तर अर्धा तास मी त्याच माणसाच्या पाठीमागे. तो फोनवर मोठमोठ्याने बोलणारा निघाला तर झालंच. हा आजार जवळ आणि जास्त वेळ राहिल्यानेच जास्त पसरतो ना? मग सेकंद परवडले की मिनिटं?

तलावकाठी

सहा फूट सोडून चालायचं आहे, कोणाच्या पाठीला चिकटायला सांगितलेलं नाही. दोन्हीकडून लोक फिरले की एका फेरीत तीच माणसं दोनदा समोर येतात आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कडेच्या गवतात उतरतं. कोण उतरतं ते जरा बघा. बाया आणि म्हातारी माणसं.

रोज_पाचला

दादा, गवतात उतरणाऱ्यांत मीही आहे, तेवढं पटलं. पण "घोळका नको" म्हणताना एक विसरू नका, पहाटेच्या अंधारात तलावाकडे एकटी बाई येत नाही. आम्ही पाच जणी मिळून येतो ते कुत्र्यांच्या आणि गाड्या फिरवणाऱ्या पोरांच्या भीतीने (गप्पाही होतात, नाही कशाला म्हणू). उशिरा या म्हणाल, तर आठला घरात डब्यांची घाई. उन्हाळ्यात तर आठलाच चटके बसतात, मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो. सगळं गाव त्याच दीड तासात बाहेर पडणार, वेळा वाटून घ्या हा सल्ला पुण्या-मुंबईत द्या. आम्ही एकामागे एक चालू, पण एकमेकींना दिसत राहू एवढंच अंतर ठेवू.

शुगरवाले_काका

मास्कचं काय ते आधी नीट सांगा. सप्टेंबरमध्ये केंद्राच्या आरोग्य सचिवांनीच सांगितलं, की एकट्याने सायकल चालवणाऱ्याला मास्कची सक्ती नाही, गटाने व्यायाम करत असाल तर लावा. जागतिक आरोग्य संघटना तर म्हणते, व्यायाम करताना मास्क नकोच, घामाने ओला होतो. वर आम्हा ६५च्या पुढच्यांना घरातच बसा म्हणतात. बसलो ना चार महिने. मी बसलो आणि शुगर चढली.

तलावकाठी

काका, एकटे असाल तेव्हा खाली घ्या, माणूस जवळ आला की वर. पण सकाळी सहाला मेहरूणवर एकटं असतं कोण?

पांझराकाठ

धुळ्याहून लिहितोय. तुमच्याकडे निदान रस्ता रुंद आहे. आमच्या लळिंग किल्ल्याच्या वाटेवर काही ठिकाणी एकच माणूस मावतो, तिथे दिशा काय ठरवणार? चढणाऱ्याला वाट द्यायची हा भटक्यांचा जुनाच रिवाज. तो धापा टाकत असतो, म्हणून आता तर उतरणाऱ्यानेच लांबून बघून थांबावं, डोंगराच्या अंगाला सरकावं आणि तोंड वळवावं. तोंड वळवलं म्हणून कोणी अपमान मानू नये. रविवारी मोठमोठे ग्रुप वाटेतच डबे उघडून बसतात, त्यांना मात्र काय सांगावं कळत नाही.

कुरणावरचा

भाऊ, चढणारा-उतरणारा हे फिरायला येणाऱ्यांचं झालं. जवय आम्ही सरपण लईसन येतस, तवय तुम्ही वाटमा उभा राहीसन फोटो काढतस. डोक्यावर मोळी असलेल्या बाईने सहा फूट सरकायचं कुठे? महामार्गावरून गाडी करून तुम्ही येता, गावात आजार यायची भीती आम्हाला. ज्याच्या डोक्यावर ओझं त्याची वाट आधी. शेळ्यांचीसुद्धा. गावात पाणी मागायला येताना तरी मास्क लावा.

भरीत_भाकरी

ओझंवाल्याला आधी वाट, यात दुमत नाही. काकांचंही बरोबर. एका दिशेचं मात्र मला अजून पटलेलं नाही. उद्या कोणी मला मागे वळवायला आलं तर मी वळणार नाही. अंतर ठेवीन, मास्क वर घेईन, पण फिरायचं कुठून हे माझं मी ठरवीन.

रोज_पाचला

ठरवा बापड्यांनो. आणि दिशा ठरलीच तर आधी त्या गाड्या फिरवणाऱ्या पोरांना कळवा, ती दोन्हीकडून येतात.