इजिप्तला म्हणे सगळं ठाऊक होतं!

जुनाट: काल इथे नीलकाठ यांचा लेख आला, 'साडेतीन हजार वर्षांपूर्वीच इजिप्तच्या वैद्यांना सगळं ठाऊक होतं'. जखमेवर मध, रातांधळेपणाला यकृत, लघवीवरून गर्भचाचणी, आणि खाली नुसता वाहवांचा पाऊस. राहवेना म्हणून वेगळा धागा काढतोय. एबर्स पपायरसात, म्हणजे त्या काळच्या वैद्यकाच्या एका गुंडाळीत, आठशेच्या वर नुसखे आहेत. त्यात टकलाला सिंह, पाणघोडा, मगर, मांजर आणि साप यांची चरबी चोळायला सांगितली आहे. काहूनच्या पपायरसात गर्भ राहू नये म्हणून मगरीची विष्ठा आहे. हे लेखात का नाही? आठशे दगड मारले की चार कैऱ्या पडणारच.

नीलकाठ: चरबी-विष्ठा सगळ्यांनाच माहीत असते, तेवढंच वाचलेलं असतं. एडविन स्मिथ पपायरस बघा. डोक्यापासून छातीपर्यंत ४८ दुखापती ओळीने. आधी तपासणी, मग निदान, मग तीनपैकी एक निर्णय: हे मी बरं करीन, याच्याशी झुंजेन, याला उपचार नाही. पहिल्या दिवशी ताजं मांस बांधा, नंतर चरबी आणि मध. ४८ पैकी मंत्र फक्त एका ठिकाणी. माझ्या वडिलांना एका बड्या इस्पितळात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं. ते तिसरं वाक्य एकाही डॉक्टरच्या तोंडून निघालं नाही. बिल मात्र रोज संध्याकाळी यायचं.

जुनाट: वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण त्याच गुंडाळीच्या मागच्या बाजूला साथीविरुद्धचे आठ मंत्र आहेत, ते सोयीने राहिले.

नीलकाठ: राहिले नाहीत. माझ्या डायरीच्या मागे किराण्याची यादी असते, म्हणून पुढचं खोटं ठरत नाही.

लॅबवाली: गर्भचाचणीचं मी सांगते, माझा धंदाच तो. सातू आणि खपली गहू, दोन्हीवर रोज लघवी ओतायची. रुजले तर दिवस गेले. १९६३ मध्ये इजिप्तमध्येच हे करून पाहिलं. गरोदर बायकांच्या ४० नमुन्यांपैकी २८ मध्ये कोंब आला. कुठलं धान्य आधी रुजतं त्यावरून मुलगा की मुलगी हे मात्र साफ फसलं. अर्धं तुमचं, अर्धं त्यांचं. आता भांडा.

मावळतीकर: ते राहू द्या. एबर्समधल्या एका उताऱ्यात नारू, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणारा दोरीसारखा किडा, काडीला गुंडाळून काढायची रीत आहे, असं बरेच अभ्यासक मानतात. ती मी घरात पाहिली आहे. आजोबांच्या घोट्याला फोड आला. इतकी आग व्हायची की विहिरीच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचे. मग शेवईएवढी पांढरी दोरी बाहेर दिसायला लागली. आजी ती बाभळीच्या काडीला गुंडाळायची, रोज दोन बोटं, वरून ओलं फडकं. एका शहाण्याने 'एकदाच ओढून टाकू' म्हणून हिसडा दिला. तुटला. पाय कोहळ्याएवढा सुजला, चार महिने अंथरूण, गुडघा शेवटपर्यंत आखडलेला. म्हणून म्हणतो, 'हळू' हे कळायलाही अक्कल लागते.

जुनाट: आणि आजोबा पाय बुडवून बसले त्याच विहिरीचं पाणी गाव पीत होतं! नारू पाण्यात अळ्या सोडतो तो तेव्हाच. काडी साडेतीन हजार वर्षं होती, नारू हलला नाही. पाणी फडक्याने गाळलं, पायविहिरी बंद केल्या, तेव्हा गेला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ चा, राजस्थानातला.

मावळतीकर: आजोबांवर घसरायचं कारण नाही. त्यांनी मुद्दाम गावाला नारू वाटला का?

जुनाट: तसं कुठे म्हटलंय? वाचा तरी नीट.

मावळतीकर: वाचलं. तो उद्गारचिन्हही वाचला.

नीलकाठ: जुनाट, गाळणं पुढच्या वर्षीच्या रुग्णाला वाचवतं. आज ज्याच्या पायातून तो बाहेर पडतोय त्याने काय करायचं? नारूवर अजूनही औषध नाही, लस नाही. आफ्रिकेत आजही तो काडीला किंवा गॉजला थोडा थोडा गुंडाळूनच काढतात. तुमचं अख्खं आधुनिक वैद्यक त्या काडीपाशी येऊन थांबलंय.

लॅबवाली: भर घालते. १९७५ मध्ये मँचेस्टरला एका किशोरवयीन मुलीची ममी उलगडली, तिच्या पोटाच्या भिंतीत चुना झालेला नारू सापडला. नर होता. नर बाहेर येतच नाही, तिथे काडी तरी काय करणार.

जुनाट: बरं बाई, काडी दिली तुम्हाला. एक कैरी खरी. उद्गारचिन्ह मागे घेतो, मावळतीकर. पण 'सगळं ठाऊक होतं' हा मथळा बदला.

नीलकाठ: 'बरंच ठाऊक होतं' करते. टकलाचा नुसखा व्यक्तिगत निरोपाने पाठवू का?

जुनाट: सिंह तुम्ही आणणार असाल तर करा.

मावळतीकर: आत्ता आईला फोन करून विचारलं. काडी बाभळीची नव्हती, कडुनिंबाची होती. आणि हिसडा देणारा शहाणा म्हणजे आमचे थोरले काका.