रोज्याची नियत (मनातला इरादा) तोंडाने म्हणावीच लागते का? आणि कधीपर्यंत केली तर चालते?

पहाटवारा

अस्सलामु अलैकुम सगळ्यांना. माझ्या धाकट्या भावासाठी विचारतेय. यंदा तो पहिल्यांदाच पूर्ण महिन्याचे रोजे धरणार आहे, हौस खूप आहे पण नियतच्या बाबतीत त्याने इतकं टेन्शन घेतलंय की मलाच काळजी वाटायला लागलीय. कुणीतरी त्याला सांगितलं की अरबीतले शब्द बरोबर म्हटले नाहीत तर रोजाच धरला जात नाही. त्याने पाठ केलेत, पण आत्ता रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याचे नफिल (ऐच्छिक) रोजे धरतोय तर रात्री तेच परत परत म्हणत बसतो, एखादा शब्द चुकला वाटतं, नाहीतर मन दुसरीकडे होतं म्हणतो, मग तहान लागली म्हणून पाणी प्यायला की म्हणतो आता नियत तुटली आणि पुन्हा सुरू.

दुसरं म्हणजे सेहरीला (पहाटेच्या जेवणाला) जागच आली नाही आणि रात्री नियत केलीच नव्हती तर तो रोजा होतो का? दोन जाणत्या माणसांना विचारलं, एक म्हणाले दुपारच्या आधीपर्यंत करता येते, दुसरे म्हणाले अजिबात नाही, कजा करावी लागेल, म्हणजे तो रोजा नंतर भरून काढावा लागेल. कुणाचं धरायचं? नीट माहिती असेल त्यांनीच सांगा प्लीज.

अत्तरदाणी

वालैकुम अस्सलाम ताई. भावाला आधी हे सांगा की नियत हे मनाचं काम आहे, जिभेचं नाही. उद्या रमजानचा रोजा आहे आणि मी तो अल्लाहसाठी धरणार आहे एवढं त्याच्या मनात पक्कं असलं की नियत झाली. "सगळी कामं नियतवर अवलंबून आहेत" ही हदीस (नबींचं वचन) हजरत उमर रजि. यांनी सांगितलेली आहे आणि सहीह बुखारीची सुरुवातच तिने होते, पण त्यात कुठेही ठरलेलं वाक्य म्हणायला सांगितलेलं नाही. कॅलेंडरवर आणि सेहरी-इफ्तारच्या टाइमटेबलवर "व बिसौमि गदिन नवैतु..." छापलेलं असतं ना, ते शब्द हदीसमधून आलेले नाहीत, लोकांच्या सोयीसाठी नंतर रूढ झालेत. म्हटले तर हरकत नाही, नाही म्हटले तरी रोज्यात काही कमी नाही. मराठीत मनातल्या मनात ठरवलं तरी झालं.

आणि पाण्याचं म्हणाल तर नियत केल्यावर सुबह सादिक (खरी पहाट) होईपर्यंत खाणं-पिणं सगळं चालतं. सूरह बकराच्या १८७व्या आयतमध्येच आहे की पहाटेचा पांढरा धागा काळ्या धाग्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या. इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर नियत केली आणि मग जेवला तरी ती नियत तशीच राहते, परत करायची गरज नाही. आणि सेहरीला उठला म्हणजे कशासाठी उठला, रोज्यासाठीच ना, मग तीच नियत.

साधी_वही

वेळेबद्दल लिहितो कारण तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं आपापल्या मसलकप्रमाणे (धार्मिक नियमांच्या परंपरेप्रमाणे) बरोबर आहेत, फक्त सांगणाऱ्यांनी मसलक सांगितला नाही म्हणून गोंधळ झाला.

नबींच्या पत्नी हजरत हफ्सा रजि. यांची हदीस आहे की ज्याने फजरच्या (पहाटेच्या) आधी रोज्याचा इरादा केला नाही त्याचा रोजा नाही. शाफई आणि हंबली मसलकचे उलमा (धर्मपंडित) फर्ज (सक्तीच्या) रोज्यासाठी हेच धरतात, म्हणजे मगरिबपासून (सूर्यास्तापासून) फजरपर्यंत कधीही पण दर रात्री नियत हवीच. राहून गेली तर त्या दिवशी रोजेदारासारखंच राहायचं, खायचं-प्यायचं नाही आणि नंतर कजा करायची. मालिकी मसलकमध्ये रमजानच्या पहिल्या रात्री पूर्ण महिन्याची एकदाच नियत केली की पुरते, मध्ये प्रवास, आजारपण किंवा पाळीमुळे खंड पडला तर मात्र नव्याने करायची.

हनफी मसलकमध्ये चालू रमजानच्या रोज्याची नियत सकाळीही करता येते, अट एवढीच की सुबह सादिकपासून काहीही खाल्लं-प्यायलेलं नसावं. त्यांचा आधार आशूराच्या (मुहर्रमच्या दहाव्या दिवसाच्या) हदीसचा आहे, त्या दिवशी नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी दिवस उजाडल्यावर दवंडी दिली होती की ज्यांनी खाल्लं नाही त्यांनी रोजा धरावा, आणि हनफी उलमा म्हणतात की तेव्हा आशूराचा रोजा फर्ज होता. पण इथे एक गोष्ट लोक हमखास चुकतात. "दुपारपर्यंत" म्हणजे घड्याळातले बारा नाहीत आणि जवाल, म्हणजे सूर्य माथ्यावरून ढळण्याची वेळ, तीही नाही. सुबह सादिक ते सूर्यास्त या वेळेचा मध्य काढायचा आणि त्याच्या आधी नियत झाली पाहिजे. समजा सेहरी ५ वाजता संपते आणि मगरिब साडेसहाला आहे, मधले साडेतेरा तास, त्याचे अर्धे पावणेसात, म्हणजे ११:४५. त्यानंतर केलेली नियत धरली जात नाही. जवाल त्याच्याही बराच पुढे असतो म्हणून जवाल बघून बसलात तर वेळ निघून जाईल.

भाऊ हनफी असेल तर न उठल्याने रोजा जात नाही. सेहरी सुन्नत आहे, तिच्यात बरकत आहे, पण ती रोज्याची शर्त नाही.

दिवेलागण

अत्तरदाणी यांचं बहुतेक पटलं पण दोन ठिकाणी थोडं थांबावंसं वाटतं. सेहरीला उठणं म्हणजेच नियत हे ढोबळपणे ठीक आहे, पण शाफई उलमा म्हणतात की हा रमजानचा रोजा आहे हे तेव्हा मनात यायला हवं, नुसती भूक लागली म्हणून उठून खाल्लं तर ती नियत नाही. आणि अरबी शब्दांवरून घरातल्या मोठ्यांशी वाद घालायला लागू नका. बऱ्याच हनफी आणि शाफई उलमांनी तोंडाने म्हणणं चांगलं म्हटलंय कारण त्याने मन जागेवर येतं, काहींना ते पसंत नाही, पण रोजा होण्यासाठी ते लागतं असं दोन्ही बाजूंचं म्हणणं नाही.

शाफई असाल तर एक उपयोगाची गोष्ट. शाफई उलमांनीच सांगितलंय की पहिल्या रात्री पूर्ण महिन्याचीही नियत करून ठेवावी आणि मग रोजची रोज करत राहावं, म्हणजे एखाद्या रात्री विसर पडलाच तर इमाम मालिक यांच्या मताचा आधार राहतो.

मनमोकळी

सगळे मसले (धर्माचे नियम) सांगतायत पण मला त्या मुलाचं वाईट वाटलं. ताई, परत परत म्हणणं, तुटली असं वाटणं, पुन्हा सुरू करणं, हा वसवसा (मनात सतत घोळणारा संशय) आहे आणि त्यावर अजून एक मसला सांगून तो जाणार नाही, उलट वाढेल. उलमांचा एक साधा नियम आहे की खात्रीची गोष्ट संशयाने जात नाही. आपण उद्या रोजा धरणार हे त्याला माहितीये ही खात्री झाली, त्यानंतर "झाली की नाही झाली" हा नुसता संशय, त्याच्याकडे लक्षच द्यायचं नाही. जो मुलगा नियत झाली नाही म्हणून तळमळतोय त्याच्या मनात रोजा नाही असं होईल का? त्याला सांगा तरावीहनंतर (रमजानमधल्या रात्रीच्या नमाजनंतर) एकदा मनात ठरव आणि झोप. रात्री विचारायला आला तर तुम्हीही पुन्हा तपासून देऊ नका, प्रेमाने सांगा की झालीये, बस.

वुजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं) आणि नमाजमध्येही असंच व्हायला लागलं, झोप उडायला लागली तर ओळखीच्या आलिमसोबत एखाद्या मनाच्या डॉक्टरांनाही दाखवा. यात लाजण्यासारखं काही नाही, लहान वयात लवकर आटोक्यात येतं.

पहाटवारा

जझाकल्लाह खैर सगळ्यांना. आम्ही हनफीच आहोत. मनमोकळी ताई, तुमचं त्याला वाचून दाखवलं तर बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला उद्यापासून एकदाच. बघू, इन्शाअल्लाह.

अजून दोन विचारते. मागच्या रमजानचे माझे काही रोजे राहिलेत, त्यांचीही नियत सकाळी चालेल का? आणि पाळी रात्री थांबली पण सेहरीच्या आधी गुस्ल (शुद्धीची आंघोळ) झालं नाही तर?

साधी_वही

नाही, कजाची सवलत नाही. कजा आणि कफ्फाऱ्याच्या (प्रायश्चित्ताच्या) रोज्याची नियत हनफी मसलकमध्येही सुबह सादिकच्या आधीच हवी आणि हा कजाचा रोजा आहे हेही मनात हवं. सकाळी उठून केली तर तो नफिल होईल आणि कजा तशीच डोक्यावर राहील.

मनमोकळी

दुसऱ्याचं मी सांगते. सुबह सादिकच्या आधी पाळी पूर्ण थांबली असेल तर नियत करा आणि रोजा धरा, गुस्ल नंतर केलं तरी रोज्याला काही होत नाही, फक्त फजरची नमाज जाऊ नये म्हणून उशीर करू नका. सुबह सादिकनंतर थांबली तर तो दिवस रोज्यात धरला जात नाही, त्याची कजा. नेहमीपेक्षा लवकर थांबली किंवा मधूनच दिसत असेल तर त्याचे मसले बारीक आहेत, ते जाणकार आलिमा असतील त्यांना समोर बसून विचारा.