एमआयटी परवाना आणि पेटंट: अपाची २.० कडे वळावं का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

प्रतिमा लहान करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी (इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा खुला कोड) मी सांभाळतो. परवाना पहिल्यापासून एमआयटी, म्हणजे मूळ सूचना ठेवून कोड कसाही वापरू देणारा. आता एका कंपनीतल्या डेव्हलपरने पुल रिक्वेस्ट (आपला बदल सामावून घ्या अशी विनंती) पाठवलीय. कोड झकास, वेगही वाढतो. पण याच पद्धतीवर कंपनीने पेटंटचा अर्ज केलाय, हे त्यानेच बोलता बोलता सांगितलं. (भला माणूस, नाहीतर कळलंही नसतं.)

एमआयटीत पेटंटचा उल्लेखच नाही. गर्भित परवानगी मिळते असं काही वकील मानतात, पण त्या भरवशावर तो कोड मर्ज करायला (आमच्या कोडमध्ये मिसळायला) हात धजत नाही. अपाची २.० हा दुसरा ओपन सोर्स परवाना; त्याच्या तिसऱ्या कलमात योगदान देणारा आपल्या योगदानापुरती पेटंटची परवानगी स्पष्ट देतो. त्याच सॉफ्टवेअरवरून कुणी पेटंटचा दावा ठोकला, तर दावा करणाऱ्याला मिळालेली परवानगी रद्द होते.

घोडं अडतंय ते इथे: आमची लायब्ररी जीपीएल २ (पुढे वाटलेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा परवाना) वाले काही प्रकल्प वापरतात, आणि जीपीएल लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाची २.० फक्त जीपीएल ३ शी जुळतो. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेसारखं 'एमआयटी किंवा अपाची' (वापरणाऱ्याने हवा तो निवडावा) ठेवावं का? आणि परवाना बदलायला आधी कोड दिलेल्या सगळ्यांची संमती लागेल? काहींचे ईमेल कधीच बंद पडलेत.

प्रतिसाद १
आधी हे बघा, तो कंपनीच्या वतीने बोलतोय का? पेटंट कंपनीचं असेल आणि त्याला अधिकार नसेल, तर कुठल्याही परवान्याचं कलम लंगडंच. अपाची परवाना लिहिणारी अपाची फाउंडेशन योगदान देणाऱ्या व्यक्तीसाठी आणि कंपनीसाठी वेगवेगळे करार ठेवते ते उगाच नाही. कंपनीकडून लेखी घ्या.
जुना एमआयटी कोड अपाचीच्या प्रकल्पात तसाच घेता येतो, फक्त मूळ कॉपीराइट सूचना आणि परवान्याचा मजकूर काढू नका. त्या जुन्या लोकांकडून पेटंटची स्पष्ट परवानगी मात्र आपोआप मिळत नाही.

प्रतिसाद २
जीपीएल २ चीच अडचण असेल तर 'बीएसडी प्लस पेटंट' परवाना (एमआयटीसारखाच मोकळा बीएसडी, वर पेटंटची स्पष्ट परवानगी) बघा, तो त्यासाठीच लिहिलाय. स्वतःच्या मनाने पुरवणी जोडू नका. रिॲक्ट या आपल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या बीएसडी परवान्याला फेसबुकने अशीच पेटंटची पुरवणी जोडली होती. २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांसाठी ती नाकारली, आणि काही महिन्यांत रिॲक्ट एमआयटीवर आलं.
आणि हो, तिसऱ्याच कुणाचं पेटंट निघालं तर यातला एकही परवाना वाचवत नाही.

धागाकर्ता
आभार! त्याला कंपनीच्या विधी विभागाकडून लेखी आणायला सांगितलंय. तोवर मर्ज नाही. बीएसडी प्लस पेटंट कुणी प्रत्यक्ष वापरलाय का?